पेमेंट गेटवेचं शुल्क: ऑनलाइन विकताना या चुका टाळा

परवा लालबागच्या मसालेवाल्या वहिनी मोबाइल आणि पासबुक घेऊन आल्या. "बघ गं, पुण्याच्या बाईंनी २,५२० रुपये भरले. वेबसाइटवर तसं दिसतंय. बँकेत जमा झाले २,४६० आणि वर त्रेपन्न पैसे. बाकीचे गेले कुठे?" त्या दिवशी एकच ऑर्डर होती, म्हणून फरक डोळ्यांत तरी आला. रोज वीस ऑर्डरी असत्या तर कळलंही नसतं.

मी दादर-परळ भागातल्या लहान ऑनलाइन दुकानांचे हिशेब लिहिते. हाच प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि मुळाशी बहुतेक वेळा त्याच त्या चुका असतात.

वहिनींनी मनात धरलं होतं की मसाला २,२०० चा, त्यावर दोन टक्के म्हणजे ४४ रुपये कापले जातील. पण गेटवे, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या बँकेत पोचवणारी सेवा, फक्त मालावर शुल्क घेत नाही, गिऱ्हाइकाने भरलेल्या सगळ्या रकमेवर घेतो. मसाला २,२००, कुरिअर २००, त्या दोन्हीवर पाच टक्के जीएसटी १२०, एकूण २,५२०. त्याचे दोन टक्के ५०.४०. या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९.०७. गेले ५९.४७. कुरिअरवाल्याच्या आणि सरकारच्या पैशांवरचं शुल्कसुद्धा वहिनींच्याच खिशातून गेलं. त्यांना या ऑर्डरीत सुटणार होते साधारण ३६०, त्यातला सहावा हिस्सा असा गेला. म्हणून "दोनच टक्के तर आहेत" असं म्हणू नका. शुल्क विक्रीशी नाही, नफ्याशी ताडून बघा आणि भाव ठरवतानाच ते धरा.

मात्र बिल झाल्यावर "कार्डाचे दोन टक्के जास्त" असं गिऱ्हाइकाला लावू नका. डेबिट कार्डाचा एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क, गिऱ्हाइकावर टाकायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

दुसरी चूक, सगळ्याला सरसकट एकच दर मान्य करणं. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर, मागच्या वर्षीची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर, ऑनलाइन व्यवहाराला ०.४० टक्के ही मर्यादा आहे आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये. उलाढाल त्याच्या वर गेली की ०.९० टक्के. ही मर्यादा एमडीआरची आहे. गेटवे स्वतःच्या सेवेचं शुल्क वेगळं लावू शकतो. दुकानातल्या क्यूआरवर यूपीआयला काही पडत नाही, म्हणून वेबसाइटवरही पडणार नाही असं समजू नका. दरपत्रक मागताना यूपीआय, रुपे डेबिट, इतर डेबिट, क्रेडिट, ईएमआय आणि परदेशी कार्ड यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. फोनवरच्या माणसाचं "सर, दोन टक्के फिक्स" पुरेसं नाही.

दिवाळीचा फराळ दुबई-अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी तर परदेशी कार्डाचा दर आधी बघावाच. तो देशी कार्डापेक्षा जास्त असतो, आणि बऱ्याच गेटवेंवर ही सोय वेगळा अर्ज करून चालू करावी लागते. नवरात्र बसल्यावर जाग आली तर उशीर होतो.

रिफंडचं दुखणं याहून मोठं. गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे परत केले तरी गेटवेने घेतलेलं शुल्क बहुधा परत मिळत नाही. वहिनींनी तीच ऑर्डर रद्द केली असती तर माल न विकताच ५९ रुपये गेले असते. माझ्याकडच्या दुकानांत रिफंडचं सगळ्यात नेहमीचं कारण एकच: माल संपलेला, पण वेबसाइटवर "उपलब्ध" दिसतोय. रोज रात्री दुकान बंद करताना साठा दुरुस्त करा. आणि रिफंडचं बटण दाबण्याआधी गिऱ्हाइकाला एक फोन करा. बदली पाकीट चालेल का, विचारा. पुष्कळदा चालतं.

आता हिशेबाचं, कारण इथली चूक पुढे नोटीस बनून येते. बँकेत २,४६० आले म्हणून विक्री २,४६० लिहू नका. पावती २,५२० चीच; त्यात विक्री २,४००, जीएसटी १२०, आणि गेटवेचं शुल्क खर्चात. त्यावरच्या ९.०७ जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून तेवढी वजावट, नियमित नोंदणीवाल्याला मिळतं, पण गेटवेच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तरच. वहिनींच्या डॅशबोर्डवर, म्हणजे गेटवेच्या खात्याच्या पानावर, ती जागा रिकामीच होती! तिथल्या तिथे भरून घेतली. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या लहान दुकानदारांना, हे क्रेडिट नाही. शिवाय २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारांच्या शुल्काला जीएसटीची सूट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या, गिऱ्हाइकांचे पैसे गोळा करून व्यापाऱ्यांना पोचवणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रीगेटरना ती लागू असल्याचं जीएसटी कौन्सिलने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तुमचं बिल उघडून छोट्या ऑर्डरींवर काय लागलंय ते बघा.

रक्कम जुळत नसेल तर पासबुक घेऊन बसू नका, सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे गेटवेने बँकेत जमा केलेल्या पैशांचा तपशील, उतरवा. त्यातला यूटीआर नंबर, म्हणजे बँकेत पैसे जमा होतानाचा व्यवहार क्रमांक, बँकेच्या नोंदीशी जुळवा. त्या एका यूटीआरखाली कुठल्या ऑर्डरी, किती शुल्क, कुठला रिफंड वळता झाला, सगळं दिसतं. पैसे साधारण दोन कामाच्या दिवसांनी येतात. मध्ये रविवार किंवा गणपतीची सुट्टी आली की पुढे जातात. घाई म्हणून "इन्स्टंट सेटलमेंट", म्हणजे लगेच पैसे जमा करण्याची सोय, चालू केलंत तर त्याचे वेगळे पैसे पडतात. एका दुकानात ते बटण वर्षभर चालूच राहिलं होतं.

आणि चार्जबॅकचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून बँक पैसे परत मागते त्याचा, मेल. गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार केली की गेटवे ठरावीक मुदतीत पुरावा मागतो. उत्तर गेलं नाही तर मालही जातो आणि पैसेही. कुरिअरची पोचपावती, बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं ऑर्डर नंबरने जपून ठेवा. वहिनींचा गेटवेचा मेल कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या फोनवर येत होता आणि तो कधी उघडलाच नव्हता. आता तो त्यांच्या स्वतःच्या फोनवर येतो.