प्लेटलेटचा रिपोर्ट हातात आला की या चुका टाळा

पाऊस ओसरायला लागला की इंदूरमधल्या आमच्या लॅबमध्ये रामबागेकडची, लोकमान्यनगरातली मंडळी रिपोर्ट घ्यायला येतात. काउंटरवरूनच विचारतात, "ताई, प्लेटलेट किती?" त्याच कागदावर हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के ते, छापलेलं असतं. त्याबद्दल कोणी विचारत नाही. डेंग्यूत मात्र दोन्ही आकडे सोबत वाचायला हवेत.

डेंग्यूत जिवाला धोका होतो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बाहेर झिरपल्यामुळे. रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट चढतं, रक्तदाब घसरतो. आणि हे घडतं ताप उतरण्याच्या सुमारास, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवशी. म्हणून "ताप गेला, सुटलो" असं म्हणून निर्धास्त होणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, शौचाला काळी होतेय, लघवी कमी झालीय, हातपाय गार पडलेत किंवा माणूस गुंगीत आहे, यांतलं एकही दिसलं तर काउंट कितीही असो, लगेच हॉस्पिटल गाठा.

दुसरी चूक प्लेटलेट चढवायच्या पिशव्यांसाठी धावपळ करण्याची. निरोगी माणसात एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, त्यामुळे ४० हजार वाचून घरचे हादरतात, ते मी रोज बघते. पण रक्तस्राव नसेल तर डॉक्टर साधारणपणे काउंट १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवत नाहीत. आजार ओसरला की अस्थिमज्जा त्या पुन्हा तयार करतेच. पिशवी २० ते २४ अंशांवर सतत हलती ठेवावी लागते आणि जेमतेम ५ दिवस टिकते. ती कॅन्सरच्या रुग्णाला खरोखर लागत असते. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून पाणी, ओआरएस आणि तपासणी मागे पडू देऊ नका.

अंग दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. पॅरासिटामॉल पुरे, तेही ठरलेल्या मात्रेत. हृदयात स्टेंट असेल आणि अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ती मनाने बंदही करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

एका आजींचा काउंट २२ हजार आला होता. ताप नाही, अंगावर एक डाग नाही. भाचा त्यांना अ‍ॅडमिट करायला निघालाच होता. मला राहवलं नाही, रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्लाइड केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेतलं, तर काउंट दीड लाखाच्या वर. आकडा माणसाच्या तब्येतीशी जुळत नसेल तर लॅबला बेधडक विचारा, "स्लाइड पाहिली का?"