बोट ‘स्मार्ट’ करायची? आधी पाणी उपसायचं बघा

माझी बावीस फुटी फायबरची बोट रेवदंड्याच्या खाडीत नांगरलेली असते. एका वर्षी, पावसाळ्यासाठी ती वर ओढायच्या आदल्या आठवड्यातच, रात्रभर पाऊस कोसळला. मी घरात बसून मोबाईलवर बघत होतो: बॅटरी १०० टक्के. निवांत झोपलो. सकाळी धक्क्यावरून तांडेलकाकांचा फोन. “अरे, बोट मागून, वराम्याकडून बसलीय तुझी. ये लवकर.”

गेलो तर आत गुडघाभर पाणी. पाणी उपसणाऱ्या पंपाच्या फ्लोटवर, म्हणजे पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचवर, वेफर्सचं रिकामं पाकीट चिकटून बसलं होतं, त्यामुळे फ्लोट वर उचललाच गेला नाही. पंप चाललाच नाही, म्हणून तर बॅटरी भरलेली! ॲपने सांगितलं ते खरंच होतं, पण विचारायचं ते मी विचारलंच नव्हतं. काका पाणी उपसताना म्हणाले, “मोबाईल उपसतो का रे पाणी?” पुढे सगळी वायरिंग नव्याने केली, ती या एका वाक्यावरून. त्याच क्रमाने सांगतो.

१. पंप: याच्या आड कुठलाही ‘मेंदू’ नको

बिल्ज पंप म्हणजे बोटीच्या तळाला साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. बाकी सगळं बंद पडलं तरी हा चालला पाहिजे. म्हणून त्याची ऑटो लाईन मेन स्विचच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून फ्यूजमार्गे घ्या. मेन स्विच बंद करून घरी गेलात तरी फ्लोट उचलला की पंप सुरू व्हायला हवा. डॅशवर तीन स्थितींचा स्विच बसवा: ऑटो, बंद आणि हाताने चालू. ही हाताची लाईन फ्लोटला वगळून थेट पंपाकडे जाते. फ्लोट अडकला तरी तिच्यावर पंप चालतो.

आकाराबाबत बहुतेकांची फसगत होते. पंपावरचा आकडा तासाला अमेरिकन गॅलनचा असतो, म्हणजे ५०० चा पंप तासाला सुमारे १,९०० लिटर फेकतो. तेही कागदावर. पाइप वर चढवला, वाकवला, व्होल्टेज पडलं की आकडा खाली येतो. आता हिशेब बघा. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटीमीटरवर २५ मिलिमीटरचं एक भोक पडलं किंवा तेवढा पाइप निसटला, तर मिनिटाला ४० लिटरहून जास्त पाणी आत येतं, तासाला अडीच हजारांच्या वर. ५०० चा पंप तिथे हरला. आणि भोक नसलं तरी कोकणातला पाऊस आहेच. माझ्या बोटीचं वरचं क्षेत्रफळ साधारण १४ चौरस मीटर. पाणी आपोआप बाहेर जायची सोय नसेल, तर १०० मिलिमीटर पावसात १,४०० लिटर पाणी आत, म्हणजे जवळजवळ दीड टन. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरून वर आणखी चारशे.

मी दोन पंप ठेवलेत. लहान तळाला, मोठा थोडा वर. दोघांचे फ्लोट, फ्यूज आणि पाइप वेगवेगळे. त्याच्याही वर तिसरा फ्लोट, फक्त भोंग्यासाठी. फ्लोटभोवती जाळी लावली, हे वेगळं सांगायला नको.

२. वायर आणि फ्यूज

घरातली वायर इथे चालत नाही. खारं पाणी इन्सुलेशनच्या आत केशिकांसारखं चढतं आणि तांबं आतून काळं पडतं. कल्हई केलेली, बारीक तारांची मरीन वायर घ्या. जोड दाबून करा, नुसत्या डाखावर अवलंबून राहू नका. डाख दिलेली तार कडक होते आणि बोटीच्या थरथरीत तिथेच तुटते. जोडावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा.

जाडी अंदाजाने ठरवू नका. पंप ४ अँपिअर घेतो, बॅटरीपासून ५ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, जवळजवळ ६ टक्के. २.५ ची घेतली तर ०.३ च्या आत. फरक वायरीच्या किमतीत फार नाही, पंपाच्या जोरात बराच आहे.

फ्यूज असतो तो वायरीच्या संरक्षणासाठी. बॅटरीच्या खांबापासून जितका जवळ तितका बरा; अमेरिकन बोटींच्या मानकात तो साधारण १८ सेंटीमीटरच्या आत असावा असं धरतात. पंपाचा फ्यूज मात्र कंपनीने सांगितलेल्याच आकाराचा लावा. पंपात कचरा अडकून तो जाम झाला तर मोठा फ्यूज जळत नाही, पंप जळतो.

३. बॅटरी मोजायची कशी

इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवा आणि तिला फ्रीज-दिव्यांचा हात लागू देऊ नका. लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.७ व्होल्टला भरलेली, १२.२ ला निम्मी समजावी. लिथियम आयर्न फॉस्फेटचं तसं नाही. ती बराच काळ १३.२-१३.३ च्या आसपासच बसून राहते, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून काहीच कळत नाही. तिथे शंट हवा, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा पट्टा. शंट निगेटिव्हमध्ये बसतो आणि सगळ्या निगेटिव्ह वायरी त्याच्या पलीकडून यायला लागतात. पंपाची निगेटिव्ह घाईत थेट बॅटरीच्या खांबावर लावली की पंपाचा खर्च हिशेबात धरलाच जात नाही. ही चूक मी स्वतः केलीय.

४. मग राखणदार

इथून ‘स्मार्ट’ सुरू होतं. राखणदार म्हणजे बोटीवर नजर ठेवून मोबाईलवर खबर देणारं यंत्र. त्याने काही चालवायचं नाही, नुसतं बघायचं. मी चार गोष्टी मागतो: वरचा फ्लोट उचलला का, पंप दिवसात किती वेळा आणि किती सेकंद चालला, बॅटरी किती, आणि शेवटची खबर किती वाजता आली. दुसरा आकडा सगळ्यात बोलका. एरवी दिवसाला दोनदा चालणारा पंप नऊदा चालायला लागला, तर पाऊस तरी आहे नाहीतर पंख्याच्या शाफ्टपाशी किंवा पाइपात कुठेतरी गळती. चौथा आकडाही विसरू नका; यंत्र मेलं की सगळं शांत असतं आणि शांतता बघून आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

तयार घ्यायचं असेल तर व्हिक्ट्रॉन कंपनीचं सेर्बो जीएक्स हे यंत्र चांगलं, बॅटरीचा शंट त्याच्याशी जोडला जातो आणि माहिती मोबाईलवर दिसते. हाताने करणाऱ्यांसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारं, बोटीची माहिती गोळा करणारं सिग्नल के हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. पण पाय चोवीस तास चालू ठेवला तर दिवसाला ८ ते १० अँपिअर-तास खातो. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले वापरायचे निम्मे, म्हणजे पाच-सहा दिवसांत राखणदारच कोठार रिकामं करतो. नांगरलेल्या बोटीवर त्यापेक्षा ईएसपी३२ ही कमी वीज खाणारी चिप आणि सिमचा मोडेम बरा: झोपायचं, तासाने उठायचं, खबर द्यायची, परत झोपायचं. वरचा फ्लोट मात्र त्याला मध्येच उठवेल असा जोडा.

ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. फ्लोटची १२ व्होल्टची लाईन ऑप्टोकपलरमार्गेच आणा, म्हणजे तारेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणाऱ्या सुट्या भागातून. इंजिन चालू असताना लाईन १४.४ पर्यंत जाते आणि वर झटके येतात, तेव्हा पुरवठ्याचा कन्व्हर्टर किमान ३० व्होल्ट सोसणारा घ्या. पेटी पाणबंद, वायरी खालून आत, आणि शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथेच गळतो. पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात साधा रिले (विजेने चालणारा खटका) कधीच लावू नका. त्याच्या ठिणगीला वाफ पुरते.

५. दिवे-फ्रीज मोबाईलवर? जमेल तर

मोठ्या बोटींत डॅशपर्यंत प्रत्येक दिव्याची वायर न नेता, एक जाड केबल आणि एक डेटा केबल जागोजागच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे तिथले दिवे-फ्रीज चालू-बंद करणाऱ्या पेट्यांपर्यंत, नेतात. मॉड्यूलला हाताने चालू करायची सोय असेल तरच घ्या. सीझोन या ब्रँडच्या मॉड्यूलमध्ये फ्यूज जागा बदलून बसवला की दिवा किंवा फ्रीज थेट चालतो. डेटा केबल बहुधा एनएमईए २००० ची, म्हणजे बोटीवरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या मानकाची, असते. तिच्या दोन टोकांनाच टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोध), मुख्य केबलपासून यंत्रांकडे जाणारे फाटे ६ मीटरच्या आत. वीज बंद करून डेटाच्या दोन तारांत मीटर लावा: ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे.

बावीस फुटी बोटीला हे सगळं जास्तच होतं. मी फक्त नांगराचा दिवा अंधार पडला की आपोआप लागेल असा केला आणि व्होल्टेज खाली गेलं की फ्रीजची वीज तुटेल असं केलं. रात्री चालवतानाच्या लाल-हिरव्या दिव्यांना साधा खटका.

६. बादली

जोडणी झाली की खाडीचं पाणी बादलीने आत ओता. छोटा फ्लोट उचलला, पंप लागला, मोबाईलवर एक आकडा वाढला. मग छोट्या पंपाचा फ्यूज काढून पुन्हा ओता: दुसरा पंप लागायला हवा. त्याचाही फ्यूज काढा आणि ओतत राहा, भोंगा वाजेपर्यंत. शेवटी यंत्राचीच वायर काढून घरी या आणि ‘दोन तास खबर नाही’ असा संदेश येतो का बघा. माझ्या पहिल्या खेपेला तो आलाच नाही.