टॅबवर वायफायची रेंज येत नाही? राऊटर बदलण्याआधी या चुका टाळा

दोन बीएचके फ्लॅट, फायबरचा राऊटर मुख्य दरवाजाच्या वर आणि टॅब मागच्या बेडरूममध्ये. फोन तिथे बरा चालतो, टॅबवर मात्र ऑनलाइन क्लास सुरू झाला की चकरी फिरत राहते. मग बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. शंभर एमबीपीएसचा प्लॅन तीनशेचा केला जातो, नाहीतर चार काड्यांचा नवा राऊटर येतो. मागच्या खोलीतली चकरी पुष्कळदा तरीही थांबत नाही.

कारण वायफाय रेडिओसारखं एकतर्फी नसतं. राऊटरने पाठवलेली माहिती मिळाल्याची पोच टॅबला दर वेळी परत द्यावी लागते. राऊटर भिंतीतल्या विजेवर चालतो आणि मोठ्याने बोलतो. टॅब बॅटरीवर चालतो, त्याचे अँटेना कडेच्या पट्टीत दडलेले असतात आणि त्याचा आवाज बारीक असतो. म्हणून टॅबवर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही: टॅबला राऊटर ऐकू येतो, राऊटरला टॅब ऐकू येत नाही. जास्त ताकदीचा राऊटर आणून यातली अर्धीच बाजू सुधारते. पुढच्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

दांड्यांवर विश्वास ठेवणं

किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे टॅब बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे दोन टॅबवरच्या तीन दांड्या सारख्या नसतात. मोजायचं ते डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये सांगणाऱ्या एककात. अँड्रॉइडवर 'वायफाय अॅनालायझर' प्रकारचं कुठलंही साधं मोफत ॲप चालेल. लोकेशन सुरू ठेवावं लागतं, नाहीतर यादी रिकामी दिसते. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येतं, त्यामुळे आकडा शिळा असू शकतो. नव्या जागी गेल्यावर अर्धा-पाऊण मिनिट थांबून मगच वाचा. आयपॅडवर ॲपलचंच 'एअरपोर्ट युटिलिटी' ॲप घ्या आणि सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावाखाली वायफाय स्कॅनर चालू करा.

आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -५० म्हणजे उत्तम, -६० चांगला. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायला -६७ च्या आसपास तरी हवा. -७५ ला पान रखडत उघडतं, -८० च्या पुढे जोडणी नावापुरती उरते. ३ डेसिबल घटले म्हणजे ताकद निम्मी, १० घटले म्हणजे एक दशांश. टॅबचं कव्हर काढून ६ डेसिबल वाढले, तर सिग्नल चौपट झाला.

सगळ्यात आधी टॅब राऊटरपासून दोन मीटरवर, मध्ये भिंत नसताना चालवून बघा. तिथेही रखडत असेल तर रेंजचा प्रश्न नाहीच. तो लाइनचा, टॅब जुना झाल्याचा किंवा भरलेल्या स्टोरेजचा आहे. तिथे छान चालत असेल तर नेहमी बसायच्या जागी आकडा घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक बदल केल्यावर तोच आकडा त्याच जागी पुन्हा घ्यायचा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

राऊटर जिथे वायरमन लावून गेला तिथेच ठेवणं

फायबर जोडायला येणारा माणूस वायर जिथून घरात शिरते तिथेच डबा ठोकतो, म्हणजे दारावर, माळ्याजवळ किंवा टीव्हीच्या मागे. त्याचं काम लाइन चालू करून देण्याचं असतं, मागच्या खोलीत रेंज पोचवण्याचं नव्हे.

घराच्या कोपऱ्यात बसलेल्या राऊटरचा बराचसा सिग्नल जिन्यात आणि शेजाऱ्यांकडे जातो. शिवाय लांबच्या खोलीकडे तो भिंती तिरप्या कापत जातो. ६ इंची भिंतीतून समोरासमोर गेला तर ६ इंच, पण भिंतीशी ४५ अंशांत गेला तर साडेआठ इंच आणि ३० अंशांत गेला तर पूर्ण १२ इंच काँक्रीट किंवा वीट त्याला ओलांडावी लागते. राऊटर फक्त दीड-दोन मीटर सरकवून पॅसेजच्या रेषेत आणला, तरी कधी कधी एक अख्खी भिंत वाटेतून निघून जाते. घराचा नकाशा कागदावर काढून राऊटर आणि टॅब यांच्यामध्ये पट्टीने रेघ ओढा. रेघेवर काय येतं ते बघा: लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, फिश टँक, आरसीसी कॉलम. धातू सिग्नल परतवतो. आरशाच्या मागे धातूचाच पातळ थर असतो, म्हणून ड्रेसिंग टेबलही अडथळाच. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं.

राऊटर जमिनीपासून एक ते दीड मीटरवर, मोकळ्या शेल्फवर ठेवा. टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात किंवा भांड्यांच्या माळ्यावर नको. बाहेरच्या काड्या एकाच मजल्यासाठी उभ्याच ठेवायच्या, कारण काडीच्या टोकाकडे सिग्नल सगळ्यात कमी जातो आणि बाजूंना सगळ्यात जास्त. काडी टॅबच्या दिशेने रोखून धरणं हे नेमकं उलट आहे. दुमजली घर असेल तर एक काडी आडवी करा.

राऊटर हलवताना फायबरची वायर ओढू नका. आत केसासारखी काच असते. तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण, म्हणजे लहान वाटीच्या तोंडापेक्षा छोटी गुंडाळी, तिला सोसत नाही. डब्यावर 'लॉस'चा (LOS, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल झाला तर लाइनच तुटली असं समजा. हिरव्या टोकाचा कनेक्टर काढलाच तर त्याच्या तोंडात डोकावू नका आणि बोट लावू नका. वायर पुरत नसेल तर डबा तिथेच राहू द्या आणि पुढचं काम लॅन केबलवर, म्हणजे दोन राऊटर जोडणाऱ्या तारेवर, सोपवा. ते खाली येतंच.

५ गिगाहर्ट्झचा हट्ट, किंवा त्याची भीती

राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बरा जातो, पण त्यावर सगळ्या इमारतीची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण भिंतीला लवकर हरतो. राऊटरच्याच खोलीत किंवा एका विटेच्या भिंतीपलीकडे ५ वापरा. दोन भिंतींपलीकडे ५ चा आकडा -७२ च्या खाली जात असेल तर २.४ वर या. स्वस्त टॅबपैकी बऱ्याचशांत ५ असतच नाही, आणि मग लोक राऊटरला दोष देत बसतात.

टॅबमध्ये ५ आहे, तरी ते नाव यादीत दिसत नाही, असं झालं तर चॅनेल, म्हणजे पट्ट्याचा राऊटर वापरतो तो लहान भाग, तपासा. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे बरेच नवे चॅनेल मोकळे झाले, पण सगळे टॅब ते ऐकत नाहीत. जुने किंवा परदेशातून आणलेले टॅब तर हमखास अडतात. राऊटर 'ऑटो'वर असला की एखाद्या दिवशी असा चॅनेल पकडतो आणि टॅबच्या दृष्टीने नेटवर्कच गायब होतं. ३६, ४०, ४४, ४८ यांपैकी एक राऊटरच्या सेटिंग्जमध्ये हाताने ठरवून दिला की हा प्रश्न मिटतो.

२.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा. ॲपमध्ये हे तिन्ही भरलेले बघून ३ किंवा ९ घेण्याचा मोह होतो. तो आवरा. एकाच चॅनेलवरचे राऊटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांवर पडणाऱ्या चॅनेलवर मात्र दुसऱ्याचं बोलणं नुसता गोंगाट ठरतं, आणि ३ वर बसलात तर १ आणि ६ अशा दोन्हींकडचा गोंगाट मिळतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की गर्दीच्या इमारतीत वेग वाढण्याऐवजी खोळंबा वाढतो. एका अँटेनाचा साधा टॅब २० मेगाहर्ट्झवर ७२ एमबीपीएसची जोडणी दाखवतो आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. ऑनलाइन क्लासला तीन-चार एमबीपीएस पुरतात, तेव्हा तीनशेचा प्लॅन इथे काय कामाचा?

स्वयंपाकघरात रेसिपी बघताना ठरावीक वेळी टॅब थांबत असेल तर मायक्रोवेव्हकडे बघा. तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. ब्लूटूथ हेडफोनही त्याच पट्ट्यात असतात, म्हणून हेडफोन लावल्यावरच अडखळत असेल तर वायफाय ५ वर न्या.

टॅब कसा धरला आहे, हे न बघणं

कीबोर्ड असलेलं किंवा धातूची पाठ असलेलं कव्हर काढा आणि आकडा पुन्हा घ्या. टॅब आडवा धरला की दोन्ही तळवे नेमके कडांवर येतात, आणि पुष्कळ टॅबमध्ये अँटेना तिथेच असतात. स्टँडवर उभा केला की हा त्रास संपतो. राऊटरकडे पाठ करून बसलात तर तुमचं अंगच मध्ये येतं. खुर्ची फिरवून बघा, पैसे लागत नाहीत. बॅटरी सेव्हर बंद करा.

त्याच जागी फोनचा आकडाही घ्या. टॅब चार-सहा डेसिबलने मागे असेल तर ते चालायचंच. फरक १२-१५ चा असेल आणि टॅबची स्क्रीन किंवा बॅटरी अलीकडे बदललेली असेल, तर आतली अँटेनाची बारीक वायर किंवा तिचा स्पर्श नीट बसलेला नसण्याची शक्यता आहे. ते पुन्हा दुरुस्तीवाल्याकडे नेण्याचं काम, राऊटरचं नाही.

एक्स्टेंडर रेंज नसलेल्या खोलीत लावणं

एक्स्टेंडर म्हणजे राऊटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जिथे रेंज नाही तिथे एक्स्टेंडर लावला की त्याच्या चारही दांड्या टॅबवर झळकतात, पण एक्स्टेंडरलाच मागून काही मिळत नसतं, तर तो पुढे काय वाटणार? तो अर्ध्या वाटेवर लावायचा, जिथे मूळ राऊटरचा आकडा -६५ पेक्षा वाईट नाही. तरीही एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर बोलणारा एक्स्टेंडर वेग साधारण निम्मा करतो, कारण प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते.

घरात जुना राऊटर पडला असेल तर तो आणि एक लॅन केबल हा यापेक्षा चांगला उपाय आहे. दुसरा राऊटर टॅबच्या खोलीत आला की टॅबच्या बारीक आवाजाला भिंत ओलांडावीच लागत नाही. जांभ्याच्या किंवा जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंती असतील तर हाच एक भरवशाचा मार्ग आहे.

१. जुना राऊटर चालू ठेवून मागच्या भोकात टाचणीने दहा सेकंद दाबा, म्हणजे तो कोरा होईल. मग फोन किंवा लॅपटॉप त्याला जोडून तळाच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा.

२. 'अॅक्सेस पॉइंट मोड' (केबलने आलेलं इंटरनेट फक्त वायफायवर वाटण्याची सोय) असेल तर तो निवडा आणि थेट चौथ्या पायरीवर जा.

३. नसेल तर आधी त्याचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, बदला. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२५० द्या, आणि तो मुख्य राऊटर वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेर आहे ना ते बघा. नव्या पत्त्यावर पुन्हा उघडून मग डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा. तो चालू राहिला तर दोन राऊटर एकाच घरात पत्ते वाटू लागतात, आणि टॅब कधी चालतो, कधी नाही.

४. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राऊटरसारखाच ठेवा. चॅनेल मात्र वेगळा: तो १ वर, तर हा ११ वर.

५. तिसरी पायरी केली असेल तर केबल मुख्य राऊटरच्या लॅनमधून जुन्याच्याही लॅनमध्येच, 'वॅन'मध्ये (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या खाचेत) नाही.

केबल कॅट ६ घ्या आणि शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि टोकाशी लवकर तुटते. पंधरा-वीस मीटर केबल स्कर्टिंगलगत केसिंग पट्टीतून नेली की दिसतही नाही.

यानंतरही टॅब लांबच्या राऊटरला चिकटून राहिला तर नवल नाही. आयपॅड सिग्नल -७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा राऊटर शोधतच नाही, आणि माहितीची ये-जा चालू असताना नवा किमान ८ डेसिबलने सरस असेल तरच तिकडे वळतो. मुख्य राऊटरची २.४ ची ताकद मध्यम करा, म्हणजे टॅब त्याला वेळेत सोडेल. ताकद कमी करून रेंज सुधारते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण इथे तसंच होतं. तातडीचा उपाय म्हणजे खोलीत आल्यावर टॅबचं वायफाय बंद करून पुन्हा चालू करणं.

काही फुटकळ गोष्टी

'सिग्नल बूस्टर' ॲप काहीही वाढवत नाहीत. अँटेनाची ताकद ॲपच्या हातात नसते. राऊटरमागे ॲल्युमिनियम फॉइल लावलं तर एका बाजूला थोडं वाढतं आणि दुसऱ्या बाजूला जातं, आणि ती दुसरी बाजू कुठली हे लावल्यावरच कळतं.

राऊटर बदलल्यावर जुना टॅब जोडलाच जात नसेल तर राऊटरच्या सुरक्षेत फक्त डब्ल्यूपीए ३ (वायफायच्या पासवर्डची नवी सुरक्षा पद्धत) निवडलेलं आहे का बघा. डब्ल्यूपीए २ किंवा दोन्हींचं मिश्रण ठेवा. आणि राऊटरचा अडॅप्टर कधी बदलला असेल तर तळाचं स्टिकर वाचा. व्होल्ट तितकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त. १२ व्होल्ट १.५ अँपिअर मागणाऱ्या डब्याला अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर लावला तर दिवे लागतात, पण घरातले सगळे एकदम व्हिडिओ बघू लागले की डबा गुपचूप रीस्टार्ट होतो, आणि मागच्या खोलीत बसलेल्या माणसाला वाटतं, रेंज गेली.