होममेड गिटार पेडलसाठी रिव्हर्ब चिप निवडताय? या चुका टाळा

घरी जुळवलेलं रिव्हर्ब पेडल (गिटारचा आवाज मोठ्या खोलीतल्यासारखा घुमवणारं) चाललं नाही की पहिला आळ चिपवर येतो. चिप खराब निघाली, या चिपचा आवाजच पत्र्यासारखा आहे, असं म्हणून दुसरी चिप मागवली जाते आणि तिचंही तेच होतं. बहुतेक वेळा दोष चिपच्या आत नसतोच. तिला मिळणारी वीज, तिच्यात शिरणारा सिग्नल आणि बाहेर होणारं मिक्सिंग, यांपैकी कुठेतरी तो दडलेला असतो. त्यामुळे डेमो ऐकून चिप पसंत करण्याआधी तिच्याभोवती काय काय उभारावं लागेल ते बघा.

होममेड पेडलवाल्यांसमोर खरे पर्याय तीनच असतात: पीटी२३९९, बेल्टन ब्रिक आणि एफव्ही-१. बाकीची नावं अधूनमधून कानावर पडतात, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

डिले चिपलाच रिव्हर्ब चिप समजणं

पीटी२३९९ हाताळायला सोपी आहे. १६ पिनांचं डिप पॅकेज, ५ व्होल्टचा पुरवठा, ब्रेडबोर्डवर सहज बसते. पण ती एको चिप आहे. आलेला आवाज ठरावीक वेळाने परत देणं एवढंच तिचं काम. तिचा सर्वांत छोटा डिले सुमारे ३० मिलिसेकंदांचा, म्हणजे फीडबॅक (आउटपुट पुन्हा इनपुटला देणं) कितीही वाढवला तरी सेकंदाला फार तर तेहतीसेक एको. ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं की कृत्रिम रिव्हर्ब नैसर्गिक वाटायला सेकंदाला सुमारे हजार एको हवेत. तेहतीस आणि हजार यांतली दरी नॉब फिरवून भरत नाही. एका पीटी२३९९ वर 'रिव्हर्ब' वाजवून पाहिला की तार छेडल्यावर मागे जी टर्रर्र ऐकू येते, ती हीच दरी.

मग दोन-तीन चिपा जोडायच्या आणि एकीचं आउटपुट दुसरीच्या फीडबॅकमध्ये सोडायचं. हे चालतं, पण इथे पुढची चूक होते: डिलेच्या वेळा एकमेकींच्या पटीत ठेवल्या जातात. ४०, ८० आणि १२० मिलिसेकंद ठेवले तर एको एकमेकांवरच येऊन पडतात आणि आवाजाला एक ठरावीक सूर चिकटतो. वेळा एकमेकींच्या पटीत न बसणाऱ्या हव्यात. डिलेची वेळ ठरवणाऱ्या पिन ६ ते ग्राउंड या वाटेवर १.५के, २.७के आणि ४.३के (के म्हणजे किलोओहम) रेझिस्टर लावले तर अंदाजे ४६, ६० आणि ७९ मिलिसेकंद मिळतात. सुरुवातीला एवढं पुरे.

१.५के पेक्षा खाली जाण्याचा मोह आवरा. पिन ६ वरचा रेझिस्टन्स साधारण १के च्या खाली असेल तर वीज चालू करताना पीटी२३९९ अडकून बसण्याचा धोका असतो. लक्षण ओळखू येतं: ड्राय (मूळ) आवाज व्यवस्थित, वेट (चिपमधून आलेला) गायब, आणि प्लग काढून पुन्हा लावला की कधी चालतं, कधी नाही. लोक सोल्डरिंग तपासत बसतात. उपाय साधा आहे. टाइम पॉटच्या (वेळेच्या नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) मालिकेत १के किंवा त्याहून जास्त किमतीचा कायमचा रेझिस्टर ठेवा. त्याहूनही छोटा डिले हवाच असेल तर चालू होतानाचा क्षणभर पिन ६ ग्राउंडपासून तोडून ठेवणारी ट्रान्झिस्टरची जोडणी करा.

दुसऱ्या टोकाला, ३४० मिलिसेकंदांच्या आसपास, या चिपचं डिस्टॉर्शन १ टक्क्यापर्यंत चढतं आणि खरखरही वाढते. रिव्हर्बसाठी एवढ्या लांब डिलेची गरजच नसते.

ब्रिक घेतली, पण अक्षरं वाचली नाहीत

बेल्टनच्या बीटीडीआर मालिकेच्या ब्रिकमध्ये आत तीन पीटी२३९९ बसवलेल्या असतात. वर सांगितलेली सगळी जुळवाजुळव कुणीतरी आधीच करून डब्यात बंद केली आहे असं समजा. पहिलंच रिव्हर्ब पेडल करणाऱ्याला मी हीच सुचवतो.

बीटीडीआर-२ मध्ये रिव्हर्बची लांबी विकत घेतानाच ठरते: शॉर्ट, मीडियम किंवा लाँग. ती नंतर बदलता येत नाही. अनेक सर्किटांत 'ड्वेल' नावाचा नॉब असतो, तो ब्रिकमध्ये किती सिग्नल जायचा एवढंच ठरवतो. लाँग घेऊन ड्वेल कमी केला म्हणून रिव्हर्बची विरत जाणारी शेपूट आखूड होत नाही, ती फक्त हळू ऐकू येते. लांबी बदलणारा नॉब हवाच असेल तर बाहेरचा पॉट लावता येणारी बीटीडीआर-३ बघा. गिटारच्या रिदमसाठी मीडियम बहुतेकांना पुरते. लाँग एकट्याने वाजवताना छान वाटते आणि बँडमध्ये सगळं गढूळ करते.

नावातलं एच म्हणजे आडवी आणि व्ही म्हणजे उभी. उभी ब्रिक छोट्या डब्यात ठेवली की झाकण लागत नाही, हे बोर्ड पूर्ण झाल्यावर कळून उपयोग नाही. दोन आउटपुट असतात. मोनो पेडलमध्ये ती दोन सारख्या रेझिस्टरमधून एकत्र करा. एकच वापरलं तरी आवाज येतो, पण एकोंची अर्धी दाटी वाया जाते.

एफव्ही-१: ताकद मोठी, हट्टही मोठे

एमएक्सआर आणि अलेसिस या दोन्ही संगीत-उपकरण कंपन्यांच्या उभारणीत असलेल्या कीथ बार यांच्या स्पिन सेमिकंडक्टरची ही चिप. आत कन्व्हर्टर (अॅनालॉग आवाज डिजिटल आणि परत अॅनालॉग करणारे) आहेत, आठ प्रोग्रॅम भरलेले आहेत, तीन पॉट थेट जोडता येतात आणि घड्याळात असतो तोच ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल तिला पुरतो. त्या वेगाने तिच्या मेमरीत एक सेकंदाचा आवाज मावतो. त्यावरून 'मग रिव्हर्बही एका सेकंदाचाच' असा अर्थ काढू नका. शेपटीची लांबी आतल्या फीडबॅकवर अवलंबून असते.

चुका इथे थोड्या वेगळ्या असतात.

चिप ३.३ व्होल्टची आहे. पीटी२३९९ च्या बोर्डावरचं ५ व्होल्टचं रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) तसंच ठेवून तिला जोडू नका. पॉटचं वरचं टोकही ३.३ व्होल्टलाच जायला हवं. न वापरलेले पॉट इनपुट हवेत सोडू नका, नाहीतर आवाज स्वतःहून डुलत राहतो.

पॅकेज २८ पिनांचं, बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारं, पिनांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. ब्रेडबोर्डवर बसवायची तर अडॅप्टर बोर्ड लागतो. सोल्डरिंगला हात बसला नसेल तर या चिपने श्रीगणेशा करू नका.

आतले आणि बाहेरचे प्रोग्रॅम यांतली निवड टी० पिन करते: खाली ओढली तर आतले, वर ओढली तर ईईप्रॉममधले (प्रोग्रॅम साठवणाऱ्या वेगळ्या मेमरी चिपमधले). कोरी २४एलसी३२ ईईप्रॉम लावून टी० वर ओढली तर काहीही ऐकू येणार नाही आणि चिप मेली असं वाटेल. म्हणून आधी टी० खाली ठेवून आतला रिव्हर्ब ऐका. तो आला की चिप, क्रिस्टल आणि पुरवठा ठीक आहेत हे कळलं, आता ईईप्रॉमकडे वळा.

सर्वांत जास्त डोकं खाणारी चूक मिक्सची. बऱ्याच एफव्ही-१ पेडलांत ड्राय सिग्नल बाहेरून अॅनालॉग वाटेने जातो आणि चिपने फक्त वेट द्यायचा असतो. पण प्रोग्रॅम आतूनही ड्राय मिसळत असेल तर तोच सिग्नल किंचित उशिराने दुसऱ्यांदा येतो. मग आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा होतो आणि मिक्स नॉब फिरवला की टोन बदलतो. प्रोग्रॅममधला ड्राय बंद करा. ड्राय बाहेर ठेवण्याचं कारणही साधं आहे. ३२ किलोहर्ट्झच्या आसपास सॅम्पल केलेल्या आवाजाची वरची धार सुमारे १५-१६ किलोहर्ट्झला संपते. रिव्हर्बला ते चालतं, पण मूळ गिटार त्यातून फिरवून आणायची गरज नाही.

वीज

चिपा जळतात त्या इथे. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला समोरून पाहिलं तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट, आणि मागचा पत्रा ग्राउंडला. त्याच आकाराच्या ३.३ व्होल्टच्या एलएम१११७ मध्ये क्रम ग्राउंड, आउटपुट, इनपुट असा, आणि पत्रा आउटपुटला. एकाच्या जागी दुसरं खोचलं की ९ व्होल्ट भलतीकडे जातात. पत्रा डब्याला टेकला तर शॉर्ट वेगळाच. एमसीपी१७०० ही रेग्युलेटर चिप तर ६ व्होल्टपेक्षा जास्त इनपुट सहनच करत नाही, तिला ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर थेट लावू नका. रेग्युलेटर बसवा, चिप न लावता व्होल्टेज मोजा, मगच चिप.

करंटचाही हिशेब करा. ब्रिक आणि एफव्ही-१ दोन्ही दहा-वीस नव्हे, कित्येक दहा मिलिअँपिअर घेतात. ७८०५ च्या छोट्या भावाची, ७८एल०५ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर. समजा ८० मिलिअँपिअर लागले, तर ९ व्होल्टवर रेग्युलेटरमध्ये ०.३२ वॉट उष्णता जाते आणि १८ व्होल्टवर १ वॉटच्या वर. छोटं ७८एल०५ तिथे भाजतं, मोठं ७८०५ घ्या. ९ व्होल्टच्या बॅटरीवर असं पेडल काही तासांतच मान टाकतं, त्यामुळे बॅटरीची सोय न ठेवलेली बरी.

शिट्टी येत असेल तर टाइम नॉब फिरवून पाहा. पीटी२३९९ मध्ये नॉबसोबत शिट्टीचा सूर बदलला तर ती चिपच्या क्लॉकची आहे: चिपच्या पुरवठा पिनेला अगदी चिकटून १०० नॅनोफॅरड लावा, डिजिटल आणि अॅनालॉग ग्राउंड एकाच ठिकाणी जोडा, आउटपुटचा फिल्टर थोडा खाली आणा. सूर बदलला नाही तर बाहेरच्या पुरवठ्याकडे बघा. एकाच अडॅप्टरवर साखळीने चार डिजिटल पेडलं असतील तर आधी हे एकटं लावून पाहा.

सिग्नलची पातळी

९ व्होल्टवर चालणारा ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) सहज ६-७ व्होल्टचा सिग्नल देऊ शकतो. एफव्ही-१ च्या इनपुटला ३ व्होल्ट पीक-टू-पीकच्या आसपासच जागा आहे आणि त्यापुढचं डिजिटल क्लिपिंग (सिग्नलचं टोक कापलं जाणं) फझ पेडलसारखं गोड नसतं, ते कडकड फुटतं. हळू वाजवल्यावर फुटणं थांबलं तर प्रश्न पातळीचा आहे. चिपच्या आधी सिग्नल कमी करा, नंतर वाढवा. पण फार कमी केला तर शेपटीत खस्स ऐकू येते. रिव्हर्बच्या आधी बूस्ट पेडल ठेवून चाचणी घ्या, कारण वापरणारा ते ठेवणारच.

तपासणी कोणत्या क्रमाने?

आधी ड्राय येतो का बघा. मग चिपच्या पिनवरच व्होल्टेज मोजा, रेग्युलेटरवर नव्हे. पीटी२३९९ च्या पिन २ वर २.५ व्होल्टच्या आसपास हवेत. त्यानंतर ऑडिओ प्रोब: अँपला जाणाऱ्या केबलच्या टोकाला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याची दुसरी तार हाताने टेकवायला मोकळी. गिटार वाजत असताना चिपच्या इनपुटला, मग आउटपुटला, मग मिक्सिंगच्या रेझिस्टरला ती टेकवत जा. आवाज जिथे हरवतो तिथेच दोष. मल्टिमीटरने तासभर चाचपण्यापेक्षा हे बरं.

नावाला भुलू नका

एमएन३०११ ही सहा टॅपची (सहा वेगवेगळ्या उशिरांनी आवाज देणारी) जुनी बकेट-ब्रिगेड, म्हणजे अॅनालॉग डिले चिप. तिचं उत्पादन कधीच थांबलंय, नकली माल भरपूर फिरतो, आणि सहा टॅपवरही रिव्हर्बची दाटी येत नाही. व्ही१००० या डिजिटल चिपमध्ये आयते रिव्हर्ब प्रोग्रॅम आहेत, पण कन्व्हर्टर नाहीत. ते वेगळे लावावे लागतात, म्हणजे काम दुप्पट. डेझी सीडसारखा बोर्ड घ्यायचा तर तो कोड लिहायची हौस असणाऱ्यांनीच घ्यावा. नुसता हॉल रिव्हर्ब हवा असेल तर ते जरा अतीच.

फूटस्विचचा विचारही चिपबरोबरच करा. साध्या ट्रू बायपासमध्ये (सिग्नल सर्किट टाळून थेट बाहेर जातो तेव्हा) पेडल बंद केलं की शेपूट कापली जाते. ती विरत जायला हवी असेल तर ड्रायला कायमचा बफर (सिग्नल तसाच पुढे देणारं सर्किट) लागतो आणि स्विचने फक्त चिपचं इनपुट तोडायचं असतं. बोर्डाचा आराखडा त्यानुसार बदलतो. आणि पीटी२३९९ वापरत असाल तर ती थेट सोल्डर करू नका, सॉकेटमध्ये बसवा. एकाच खेपेतल्या चिपांमध्येही खरखरीचा फरक असतो, चार-पाच लावून ऐकता येतात आणि सर्वांत शांत असेल ती ठेवता येते.