एंजल्स ट्रम्पेटचा नवा संकर: जोडी जमवण्यापासून पारख करण्यापर्यंत

एंजल्स ट्रम्पेट, म्हणजे ब्रुगमान्सिया हे कर्ण्यासारखी लोंबती फुलं येणारं झाड. त्याचं परागीकरण करायला संध्याकाळचा अर्धा तास पुरतो. त्यातून आलेल्या रोपांपैकी कोणतं ठेवायचं हे ठरवायला मात्र दोन-तीन वर्षं जातात. म्हणून ब्लेड हातात घेण्याआधी मी वहीत एक ओळ लिहिते: या जोडीतून मला काय हवंय? ‘गुलाबी, सरळ खाली लोंबणारं फूल, बुटक्या झाडावर’ इतकं नेमकं लिहा. नुसतं ‘काहीतरी वेगळं’ लिहिलंत तर प्रत्येक रोप वेगळंच वाटेल आणि एकही टाकवणार नाही.

ब्रुगमान्सियाच्या एकूण सात प्रजाती. त्यांतल्या ऑरिया, इनसिग्निस, स्वाव्हिओलेन्स आणि व्हर्सिकलर या उबदार हवेच्या, तर आर्बोरिया, सँग्विनिया आणि व्हल्कॅनिकोला या थंड डोंगराळ हवेच्या. जोडी एकाच गटातली घ्या. दोन गटांमध्ये सहसा जमत नाही. व्हर्सिकलरकडून सरळ खाली लोंबणारं लांब फूल मिळतं, स्वाव्हिओलेन्सकडून जोमदार वाढ. आज बागांमधून दिसणारी बहुतेक झाडं मुळातच संकरित आहेत. ‘चार्ल्स ग्रिमाल्डी’ हा गाजलेला वाणही ‘डॉ. स्यूस’ आणि ‘फ्रॉस्टी पिंक’ यांच्या संकरातून आला. अशा पालकांच्या पोटी सख्खी भावंडंही एकमेकांसारखी निघत नाहीत, आणि या कामातला सगळा आनंद तिथेच आहे. मूळ प्रजातीचं खात्रीचं झाड हाती लागलं तर ते जिवापाड जपा. या सातही प्रजाती निसर्गातून नामशेष झाल्याची नोंद आहे. आता त्या माणसांनी लावल्या तेवढ्याच उरल्या आहेत.

आता सावधगिरीचं. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, त्यात स्कोपोलामाइन आणि अ‍ॅट्रोपिन असतं. रस लागलेलं बोट डोळ्याला लागलं तरी बाहुली मोठी होते आणि बराच वेळ धूसर दिसतं. हातमोजे घालाच, आणि बिया मुलांच्या व पाळीव जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाहीत अशा ठेवा.

कळी निवडणं हे खरं कसब. निदलपुंजातून (कळीच्या बुडाच्या हिरव्या आवरणातून) लांब बाहेर आलेली, फुगलेली, पण टोकाचे पाच धागे अजून पिळलेलेच, अशी कळी घ्या. ती बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उमलते. बाजूने उभा हलका छेद द्या आणि पाकळीचा पडदा फाडून काढा. आत पाच पुंकेसर आणि मधून गेलेला लांब कुक्षीवृंत दिसतो. स्वाव्हिओलेन्समध्ये परागकोश एकमेकांना चिकटून कुक्षीवृंताभोवती नळी करतात, तिथे घाई करू नका; चिमट्याने एकेक सोडवा. ऑरियात ते सुटे असतात, काम पटकन होतं. बहुतेक झाडं स्वतःच्या परागाने फळत नाहीत, तरीही मी पुंकेसर काढतेच, कारण पालकांबद्दल शंका राहिली की पुढची सगळी नोंद लटकी पडते.

संध्याकाळी कुक्षी, म्हणजे कुक्षीवृंताचं टोक, चिकट आणि चकचकीत झाली की नर झाडाचा ताजा फुटलेला परागकोश तिच्यावर थेट घासा. ब्रशपेक्षा मला हेच बरं वाटतं, पराग वाया जात नाही. मग कुक्षीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची छोटी टोपी घाला, नाहीतर रात्री येणारे पतंग तुमच्या आधी लग्न लावून मोकळे होतात. दोन झाडं एका वेळी फुलत नसतील तर पराग सुकवून सिलिका जेलसोबत बंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवता येतो. वापरण्याआधी डबी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लेबलवर आधी मादीचं नाव, मग गुणाकाराचं चिन्ह, मग नराचं नाव आणि तारीख. पेन्सिलीने लिहा, शाई पुसून जाते.

देठ जाड होऊ लागला आणि बोंड फुगलं की जमलं समजा. बोंड पिकायला कित्येक महिने लागतात. धोतऱ्याच्या बोंडासारखं ते आपोआप तडकत नाही. रंग उतरून सुकायला लागलं की काढा. बियांवर बुचासारखं जाड आवरण असतं. दिवसभर कोमट पाण्यात भिजवून ते अलगद सोललं तर उगवण लवकर होते. ओलसर, निचऱ्याच्या मिश्रणात 20 ते 25 अंश सेल्सिअसला ठेवा आणि पाणी बेताचं द्या, नाहीतर रोपं बुडाशी कुजतात. पुढे मात्र या झाडांना खत आणि पाणी दोन्ही भरपूर लागतं.

रोप सरळ वाढत जातं आणि मग खोड इंग्रजी वाय अक्षरासारखं दुभंगतं. फुलं त्या फाट्याच्या वरच येतात, म्हणून फाटा येण्याआधी शेंडा खुडू नका. फाटा किती उंचीवर आला ते लिहून ठेवा; बुटकं झाड हवं असेल तर पहिली चाळणी इथेच लागते.

पहिलं फूल पाहून नाव ठेवायचा मोह होतो. थांबा. पहिल्या बहरात फुलं लहान आणि फिकी असतात, दुहेरी निघणारं झाड सुरुवातीला एकेरी फूल देऊ शकतं. रंग तर रोज बदलतो: उमलताना पांढरट किंवा हिरवट असलेलं फूल दोन-तीन दिवसांनी गुलाबी किंवा पीच होतं, आणि उकाड्यात तोच रंग उतरतो. म्हणून फोटो नेहमी उमलल्यापासून ठरावीक दिवशी, सावलीत, मोजपट्टी शेजारी धरून काढा. निदान तीन बहर बघा, त्यांतला एक तरी थंड हवेतला असू द्या.

वहीत मी लिहिते ते असं: फूल किती दिवस टवटवीत राहिलं, तोंड किती पसरलं, धागे किती लांब आणि वळलेले, वास संध्याकाळी कसा, एका बहरात फुलं किती आणि दोन बहरांत अंतर किती. झाडाचे गुण मी वेगळ्या पानावर लिहिते, आणि निवड करताना तेच पान आधी उघडते. लाल कोळी आणि पांढरी माशी कोणावर आधी येते, वाऱ्यात फांद्या मोडतात का, छाट कलमाला मुळं सहज फुटतात का. कितीही सुंदर फूल असलं तरी कलम धरत नसेल तर तो वाण दुसऱ्याच्या अंगणात पोचणार नाही. बीपासून तो जसाच्या तसा येत नाही.

पानांवर चट्टे किंवा वेडेवाकडे सुरकुतलेले भाग दिसले तर ते रोप लगेच बाजूला काढा. माव्यातून पसरणारे विषाणू या झाडांना धरतात, आणि त्यांवर औषध नाही. प्रत्येक झाडानंतर ब्लेड निर्जंतुक करा.

शेवटची चाळणी म्हणजे तुलना. निवडलेलं रोप त्याच्या दोन्ही पालकांशेजारी आणि त्याच रंगाच्या एखाद्या नावाजलेल्या वाणाशेजारी, सारख्याच कुंडीत, सारख्याच उन्हात ठेवा. लेबलं झाकून झाडांची माहिती असलेल्या कुणाला तरी फरक विचारा. तुमचं झाड त्याला सहज ओळखता आलं, तरच नावाचा विचार करा. मग फाट्याच्या वरून कलमं घ्या, ती लवकर फुलतात, आणि त्यांवर तेच फूल तसंच येतंय हे पाहून मगच नोंदणीला पाठवा. बाकीची रोपं मोकळ्या मनाने काढून टाका. त्या कुंड्या पुढच्या जोडीला लागणार आहेत.