वृद्धाश्रमात शुगर लो होते तेव्हा या चुका टाळा

बारा वर्षं वृद्धाश्रमात नाइट ड्युटी करतेय आणि नवीन आलेली प्रत्येक मुलगी त्याच त्याच चुका करते, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात डोक्यात जाणारी म्हणजे "आजी झोपल्यात, झोपू दे." अगं, एरवी सहाच्या आरतीला पहिल्या बसणाऱ्या आजी झोपल्यात म्हणजे आधी बोट टोचून शुगर बघ! या वयात घाम, थरथर येईलच असं नाही, बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधडही जाणवत नाही, नुसती चिडचिड, असंबद्ध बोलणं, ताट ढकलणं. ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली तर धावपळच.

दुसरी, शुगर वर आली की हात झटकून मोकळं होणं. आमच्याकडे एक आजोबा होते, किडनी कमजोर, ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) चालू. जुलाब झाले, दिवसभर नुसती पेज, पण सकाळची गोळी मात्र इमानदारीत दिली गेली. रात्री नऊला ४६. ड्युटीवरच्या मुलीने तीन चमचे साखर पाण्यातून पाजली, पंधरा मिनिटांनी ८८ आली, रजिस्टरला "नॉर्मल" लिहून बाई जेवायला. मी तीनच्या राउंडला गेले तर उशी ओलीचिंब आणि आजोबा मलाच आई म्हणून हाका मारतायत, शुगर ५१. किडनी नीट नसली की ही गोळी दिवसभर, कधी त्याहून जास्त रेंगाळते, साखरपाणी कुठवर पुरणार? तेव्हापासून माझं ठरलेलं, शुगर वर आली की लगेच दूध-पोळी, मग रात्रभर तासातासाने चेक आणि डॉक्टरांना फोन तेव्हाच, झोपमोड झाली तर होऊ दे.

पेढा, चॉकलेट देऊ नका, स्निग्धपणामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज (साखर पचायला उशीर लावणारी शुगरची गोळी) चालू असेल तर साखरही नको, ग्लुकोज पावडरच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, फुप्फुसात जातं, सरळ अँब्युलन्स बोलवा. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर दिसल्याशिवाय मी देत नाही, किचनच्या "पाच मिनिटांत येतंय"वर माझा काडीचा विश्वास नाही.

आणि इन्सुलिनचं पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने इन्सुलिन ओढायचा शॉर्टकट कुणी शिकवला असेल तर विसरा. कार्ट्रिजमध्ये एका मिलीत १०० युनिट, सिरिंजवरच्या खुणा मिलीला ४० च्या, डोस थेट अडीचपट जातो.