मन खचलं असताना या चुका टाळा

सोयाबीन पावसात सडलं, उधारीवाल्यांचे फोन सुरू झाले आणि घरातला कर्ता माणूस गप्प झाला, की आमच्या मराठवाड्यातल्या मोहल्ल्यात पहिला सल्ला ठरलेला: "नमाज पढ, सगळं ठीक होईल." सल्ल्यात खोट नाही. पण पाठोपाठ कुणीतरी "तुझा ईमान (श्रद्धा) कमजोर झालाय" म्हणतं आणि तो माणूस बोलायचाच बंद होतो. सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं.

कुरआनमधली सूरह यूसुफ आठवा. मुलाच्या विरहात याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे पांढरे पडले. पैगंबर होते ते. त्यांच्या ईमानावर बोट ठेवायची कुणाची छाती? पैगंबर मुहम्मद साहेबांच्या पत्नी हजरत खदीजा आणि त्यांचे चुलते अबू तालिब एकाच वर्षी, 619 च्या सुमारास गेले; त्या वर्षाला 'आमुल हुज्न', दुःखाचं वर्ष म्हणतात. तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हाही पैगंबर साहेबांचे डोळे भरून आले होते. तरी आपल्याकडे सब्र (संयम) म्हणजे रडू गिळणं! याकूब यांनी आपलं गाऱ्हाणं अल्लाहपुढे मांडलं, मनात कोंडून ठेवलं नाही.

दुसरी चूक, "नजर लागलीय" म्हणत महिनोन्‌महिने नुसते तावीज बदलत राहायचं. अल्लाहने उतरवलेल्या प्रत्येक आजारावर इलाजही उतरवला, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या वचनांत आहे. शुगरची गोळी घेताना कुणी तवक्कुल (अल्लाहवरचा भरवसा) मोजत नाही, मग मनाच्या गोळीलाच का? झोप, भूक आणि कामातलं लक्ष दोन आठवडे उडालेलं असेल तर दुआ चालू ठेवा आणि डॉक्टरही गाठा. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे.

बरं वाटलं की गोळ्या बंद, हीही नेहमीची चूक. औषधाचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. रमजानमध्ये तर आपल्या मनाने अजिबात बदल करू नका. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलायची सूट सूरह बकरामध्येच आहे.

"जगावंसं वाटत नाही" असं कुणी बोललं तर हराम-हलाल सुनावू नका. मरायचा विचार येतो का, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, त्याला एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र, फुकट लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि खायचं विसरू नका. दुःखाच्या घरात पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत आयशा तलबीना करायला सांगत, जवाच्या पिठाची पातळ पेज. जव नसतील तर आपली ज्वारीची आंबील न्या. वाडगं पुढे ठेवा, शेजारी बसा, आणि तो बोलेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.